'आम्ही कोकणातली माणसं, आम्हाला ऊन काय नवीन?'

प्रिय ताई, स. न.

आम्ही गुहागर तालुक्यातले. यजमान ६७ वर्षांचे, मी ६१. मुलगा, सून आणि दोन नातवंडं (नात ९ वर्षांची, नातू ५) लॉस एंजेलिसजवळ राहतात. शिमगा आटोपला की आम्ही तीन महिन्यांसाठी तिकडे जाणार आहोत. मे महिन्याच्या शेवटी तिकडे जोडून सुट्टी असते, तेव्हा सगळ्यांनी मिळून वाळवंटातल्या नॅशनल पार्कांत हायकिंग करायचं असा मुलाचा बेत आहे. शनिवारी जोशुआ ट्री, रविवारी डेथ व्हॅली. पहिल्या दिवशी रायन माउंटन नावाचा डोंगर चढायचा आहे.

यजमान एकदम खूश. 'आम्ही कोकणातली माणसं, आम्हाला ऊन काय नवीन? मार्लेश्वरच्या पायऱ्या मी अजून न थांबता चढतो,' असं भेटेल त्याला सांगत सुटलेत. त्यांना बीपी आहे. दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी होण्याची. मुलाला आम्ही हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो बेतच रद्द करील आणि हे माझ्यावर चिडतील. माझे गुडघेही थोडे कुरकुरतात. मला कुणाच्या आनंदावर विरजण घालायचं नाही, पण रात्री झोप लागत नाही. काय करू? आणि तिथे साडी चालेल का?

— एक आजी, गुहागर तालुका

ताई,

साडीचं शेवटी बघू. आधी गोळ्यांचं.

मुलाला सांगा. या रविवारी व्हिडिओ कॉल कराल तेव्हाच सांगा, आणि यजमान शेजारी बसलेले असताना सांगा, म्हणजे 'माझ्या मागे चुगली केलीस' म्हणायला जागा राहणार नाही. लघवीची गोळी शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर काढायलाच दिलेली असते, आणि वाळवंटात चालताना नेमकं तेच दोन्ही सांभाळायचं असतं. बीपीच्या काही गोळ्यांनी उन्हात एकदम उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून त्या दिवशी गोळी घेऊ नका, असं मी मुळीच सांगत नाही. आपल्या मनाने गोळी चुकवणं हा वेगळा धोका आहे. निघण्याआधी डॉक्टरांकडे जा आणि 'अमेरिकेला चाललोय, काही काळजी?' असं मोघम विचारू नका. विचारा, 'कोरड्या हवेत, उन्हात, सकाळी दोन तास चालणार आहोत. त्या दिवशी गोळी कधी घ्यायची? पाणी किती? मीठ किती?' बीपीच्या माणसाला 'मीठ घालून भरपूर पाणी प्या' हा सल्ला छापील सदरातून देता येत नाही, तो त्यांना तपासणाऱ्यानेच द्यायला हवा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपल्याकडच्या कंपन्यांनी दिलेली नावं तिकडच्या डॉक्टरला ओळखू येणार नाहीत. प्रवासाचा विमा काढताना बीपी लपवू नका, नाहीतर ऐन वेळी क्लेम अडकतो.

मुलगा बेत रद्द करील ही तुमची भीती मला पटत नाही. तो बेत बदलेल, आणि बदलायलाच हवा. सहा माणसांना घेऊन वाळवंटात जायचं तो ठरवतोय, आणि त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाविषयी त्याला अर्धीच माहिती आहे. ही त्याची चूक नव्हे, तुम्ही दोघांनी ती त्याच्यापासून दडवली आहे.

आता ऊन. यजमान म्हणतात ते अगदीच खोटं नाही. मे महिन्यात दुपारी सड्यावर कातळ कसा भाजून काढतो, हे ज्यांनी अनवाणी पायांनी अनुभवलंय त्यांना उन्हाच्या गोष्टी कुणी सांगू नयेत. पण कोकणच्या उन्हाने आपल्याला एक सवय लावून ठेवली आहे. आपण किती तापलो हे आपण घामावरून ओळखतो. बनियन पाठीला चिकटलं, भुवईवरून धार लागली, की माणूस आपोआप सावली शोधतो आणि तांब्याकडे हात नेतो. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तो दिसतो. वाळवंटातल्या हवेत पाण्याचा अंशच इतका कमी असतो की घाम येतो आणि आल्याबरोबर उडून जातो. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, वाऱ्याने अंग गारसुद्धा वाटतं. घाटावर माठातलं पाणी कसं दातांना झोंबेल इतकं गार होतं आणि आपल्याकडे नुसतं बरं लागतं, त्यातला हाच प्रकार. तिकडच्या हवेत माणसाचाच माठ होतो. गारवा खरा असतो, पण आतलं पाणी उणं होत जातं, आणि ते कळतं तेव्हा डोकं ठणकायला लागलेलं असतं.

म्हणजे कोकणातली सवय तिथे नुसती निरुपयोगी नाही, ती फसवते. ज्याला उन्हाची धास्ती आहे असा माणूस निदान बाटली हातात धरून चालेल. 'मला घामच येत नाही, इथलं ऊन कसलं' म्हणणारा दोन तास पाण्याला शिवणार नाही. त्यात वय वाढलं की तहान उशिरा लागते, ते वेगळंच. आणि अजून एक. उन्हाची सवय ही काही जन्मभराची ठेव नव्हे. शरीर आठ-पंधरा दिवसांत उन्हाला सरावतं आणि सावलीत राहिलं की काही आठवड्यांत तो सराव विसरतंही. तुम्ही एप्रिल आणि अख्खा मे मुलाच्या एसीच्या घरात काढून मग डोंगराला जाणार. तोवर गुहागर अंगातून उतरलेलं असेल.

यावर उपाय अगदी साधा, पण शिस्तीचा. तहान लागो न लागो, घड्याळाकडे बघून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट. यजमानांना हे सांगून ते ऐकणार नाहीत हे तुमच्या पत्रावरून दिसतंच आहे. त्यांना सांगूच नका. नातवाच्या पाण्याची जबाबदारी त्यांच्याकडे द्या. 'आजोबा, दर पंधरा मिनिटांनी याला पाणी पाजायचं, आणि तुम्ही प्यायल्याशिवाय तो पीत नाही बरं का.' पाच वर्षांची मुलं खरोखरच असं करतात, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागणार नाही.

तारीख बदलायला सांगा. मेचा शेवटचा सोमवार म्हणजे तिकडचा मेमोरियल डे, त्या सुट्टीला सगळी अमेरिका गाडी काढून बाहेर पडलेली असते. गर्दी एकवेळ सोसता येईल. पण त्या सुमारास जोशुआ ट्रीत दुपारी तापमान तिशीच्या पुढे गेलेलं असतं, आणि सावली म्हणावी अशी सावली तिथे नाही. ज्या झाडावरून पार्कला नाव मिळालं ते झाड म्हणजे युक्काची एक जात, आपल्या बांधावरच्या घायपाताच्या कुळातलं. फांद्या वर केलेल्या, टोकाला सुरीसारख्या पानांचे झुबके. बघायला अजब, पण त्याच्या बुंध्याशी बसून डबा उघडावा असं ते झाड नव्हे. एप्रिलमधला एखादा शनिवार धरा. पोचल्यावर पंधरा दिवस मात्र मध्ये जाऊ द्या, निदान झोपेचं घड्याळ तरी जागेवर येईल. एप्रिलमध्ये पहाटे तिथे चांगलीच थंडी असते. कोरड्या हवेत दिवसाची ऊब रात्री टिकत नाही, सूर्य गेला की सगळी उडून जाते. आपल्याला दिवसा-रात्रीच्या तापमानातला एवढा फरक माहीतच नसतो, म्हणून स्वेटर घरी राहतात. नातवंडांचे आधी भरा.

डेथ व्हॅली या खेपेला नको. यात मी घासाघीस करणार नाही. तिथल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली. जगात हवेचं सर्वांत जास्त तापमान म्हणून जागतिक हवामान संघटना आजही तीच नोंद धरते. मे महिन्यात तिथलं दुपारचं सरासरी तापमान ३८ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे महिनाअखेरीला त्याच्याही वर. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात पायी हिंडू नका असं पार्कवालेच सांगतात. शिवाय जोशुआ ट्रीहून तिथवर चार-पाच तास गाडी हाकायची आणि मागच्या सीटवर पाच वर्षांचं पोर. तिथलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे आणि नजर जाईल तिथवर जमिनीवर मीठ पसरलेलं आहे. शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ते बघावंसं वाटणारच. कधीतरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जाणं झालं तर जरूर बघा.

रायन माउंटनची आणि मार्लेश्वरची तुलना यजमानांनी केली आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते. जाऊन-येऊन सुमारे पावणेपाच किलोमीटर आणि ३२० मीटरांची चढण. माथा १६६३ मीटरांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या १६४६ मीटरांपेक्षा काकणभर उंचच. अर्थात वाट सुरू होते तीच बरीच वर. पायांत जोर असलेल्या माणसाला आकड्यांत घाबरण्यासारखं काही नाही. फरक आकड्यांचा नाहीच. मार्लेश्वरला झाडी आहे, बांधलेल्या पायऱ्या आहेत, दर वळणावर सरबतवाला आहे, आणि कुणाला चक्कर आली तर 'अहो काका, बसा बसा' म्हणत पाठीला हात लावणारी चार माणसं मागेपुढे असतात. रायनच्या वाटेवर उन्हापासून आडोसा जवळजवळ नाहीच. मोबाइलला रेंज नाही, पाण्याचा थेंब नाही. उतरताना तुमच्या गुडघ्यांचा हिशेब होईल तो निराळाच. तेव्हा तो डोंगर मुलगा आणि नात यांना सूर्योदयाला चढू दे. बाकीच्यांनी तेवढ्या वेळात जवळच कॅप रॉकची सपाट, छोटीशी फेरी करावी. तिथे प्रचंड गोलसर दगड एकावर एक रचून ठेवल्यासारखे आहेत, नातू खूश होईल. भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवून ठेवा, कारण फोन लागणार नाही. आणि सूनबाई गाडी चालवत असतील तर गाडीची किल्ली खाली थांबणाऱ्यांकडे ठेवा. हे मुलाला विचित्र वाटेल. वर अडकलेल्यापेक्षा खाली बरं नसलेल्याला गाडी आधी लागते, हे त्याला सांगा.

यजमानांना 'तुम्ही खाली थांबा' असं मात्र म्हणू नका. त्यांना हिडन व्हॅलीचा लूप म्हणजे 'आपल्या सगळ्यांचा ट्रेक' म्हणून सांगा, आणि तो आहेच तसा. दीड किलोमीटरच्या वर थोडासा, चहूबाजूंनी खडकांच्या भिंती आणि मधे मोकळं खोलगट मैदान, कुठे कुठे दगडी पायऱ्या. सगळ्या पार्कात सहकुटुंब चालायला मला तीच वाट सर्वांत योग्य वाटते. त्यानंतर अंगात दम असेल तर बार्कर डॅम, साधारण दोन किलोमीटर. धरण या शब्दावर जाऊ नका. पशुपालकांनी पावसाचं पाणी अडवायला घातलेला बांध आहे, बऱ्याचदा कोरडाच असतो. पण त्या वाटेवर तिथल्या मूळ रहिवाशांनी खडकावर कोरलेली चित्रं आहेत. कुणीतरी पुढे ती रंगाने गिरवून ठेवली आहेत. आपल्या उक्षी-कशेळीच्या कातळशिल्पांवर कुणी खडू फिरवला तर कसं वाटेल, तसंच. नातीला घेऊन जा आणि हात न लावता बघायला शिकवा. ती कदाचित गुहागरला आल्यावर आपल्या सड्यावरची चित्रं बघायला हट्ट धरील.

एवढं अकराच्या आत आटपायचं. त्यासाठी आदल्या रात्रीच पार्कच्या वेशीवरच्या गावात, ट्वेंटीनाइन पाम्स किंवा युक्का व्हॅलीत मुक्काम हवा. लॉस एंजेलिसहून सकाळी सातला निघून अडीच-तीन तासांनी पोचायचं, मग फाटकावर रांग, मग पार्किंग शोधायचं, म्हणजे ज्या वेळी परतायचं त्याच वेळी चालायला सुरुवात होते. अकरानंतर गाडीतून फिरा. कीज व्ह्यूला जा, तिथून खाली कोचेला खोरं आणि लांबवर सॉल्टन सी नावाचं सरोवर दिसतं, आणि भूकंपाचा तो प्रसिद्ध सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे जमिनीतली लांबलचक भेगही. दुपारी मुक्कामी जाऊन चक्क झोपा. संध्याकाळी उन्हं कलली की चोया कॅक्टस गार्डन, जेमतेम चारशे मीटरांची फेरी. लांबून मऊ, लोकरीचे वाटतात ते निवडुंग. अंगाला नुसता स्पर्श झाला तरी त्यांचा तुकडा तुटून चिकटतो आणि ओढला तर बोटांत शिरतो. पर्समध्ये रुंद दातांची फणी ठेवा. काटेरी तुकडा फणीने उडवायचा, हाताने नाही. नातवाचा हात त्या फेरीत सोडायचा नाही.

पाणी. पार्कच्या आत ते जवळजवळ कुठेच मिळत नाही, वेशीवरच भरून घ्यावं लागतं. पार्कवाल्यांचा सल्ला आहे माणशी दिवसाला निदान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर. तुमच्या सहा जणांसाठी तेवीस-चोवीस लिटर गाडीत हवं. मुलगा म्हणेल आई, एवढं कशाला. उरलं तर परत येईल. चालताना प्रत्येकाच्या पाठीवर आपापली बाटली, आणि बाटली अर्धी झाली की माघारी वळायचं, वाट कितीही थोडी उरलेली असो.

आता एक गोष्ट जी तुमच्या मुलाच्या यादीत नसणार, कारण ती त्याला सुचणार नाही. प्रवासात बायका पाणी कमी पितात. संडास कुठे असेल, कसा असेल, म्हणून सकाळपासून घोटभर चहावर राहतात. तुम्हीही राहत असाल. मुंबईच्या एसटीत हे खपून जातं, वाळवंटात खपणार नाही. पार्कातल्या बहुतेक वाटांच्या सुरुवातीला संडास असतात. खड्ड्याचे, बिनपाण्याचे, पण दार लागणारे. हात धुवायलाही पाणी नसतं. बरोबर एक छोटी वेगळी बाटली, कागद आणि सॅनिटायझर ठेवा, आणि प्रत्येक वाट सुरू करायच्या आधी जाऊन या. सूनबाईंनाही सांगा, त्याही पाणी टाळत असतील. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडतंय, हे लहान मुलांच्या बाबतीत तर नक्की बघा.

नुसतं पाणीही पीत सुटायचं नाही. पोटात काही नसताना लिटरच्या लिटर साधं पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं उष्माघातासारखीच दिसतात. म्हणून दर तासाला थोडं खारट खायचं. तिखटामिठाच्या पुऱ्या, खारे दाणे, दशमी आणि लिंबाचं लोणचं, हे सगळं तिकडच्या घरी करता येतं आणि दिवसभर टिकतं. दडपे पोहे नकोत. मुलांसाठी साखर-मिठाचं पाणी करायचं तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. अंदाजपंचे मीठ टाकू नका. कोकम सरबताची सीलबंद बाटली न्यायची तर मोठ्या बॅगेत न्या आणि विमानतळावर खाण्याचं सामान आहे असं सांगून टाका. हापूसची पेटी न्यायचा विचार मनातही आणू नका, तिथे उतरल्यावर तुमच्यासमोर कचऱ्यात जाईल.

यजमानांचा पंचा मात्र आठवणीने घ्या. ओला करून मानेभोवती टाकला की त्या कोरड्या हवेत खरोखर गारवा देतो. आपल्याकडे त्याचा नुसता चिकचिकाट होतो. कुणाला फारच उकडलं, चेहरा लाल झाला, मळमळलं, पायात गोळे आले, तर सावलीत बसवून हाच पंचा भिजवून अंगावर फिरवायचा आणि वारा घालायचा. दगडाआड जेवढी सावली असेल तेवढी, नाहीतर गाडी सुरू करून एसीत. बोलण्यात गोंधळ झाला, तोल गेला किंवा शुद्ध हरपतेय असं वाटलं तर पाणी पाजत बसायचं नाही. अंग भिजवत राहून एकाने रेंज मिळेपर्यंत गाडी न्यायची आणि ९११ हा तिकडचा तातडीच्या मदतीचा नंबर लावायचा, किंवा भेटेल त्या रेंजरला, म्हणजे पार्कच्या रक्षकाला, थांबवायचं. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि ती तसं सांगत नाहीत. बडबडं पोर गप्प झालं की समजा, थांबायची वेळ झाली. बंद गाडीत मुलांना दोन मिनिटंसुद्धा सोडायचं नाही.

परत फिरायचं कोणी ठरवायचं, हे घरूनच ठरवून निघा. माझ्या मते ज्याला वाटेल त्याने 'पुरे' म्हणावं आणि बाकीच्यांनी 'का?' विचारू नये. पाच वर्षांच्या मुलालाही तो अधिकार हवा. तो दहाव्या मिनिटाला वापरेल, मग त्याला एक पुरी द्या आणि पुन्हा विचारा. यजमान कधीच वापरणार नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने तो तुम्ही वापरायचा. 'माझे गुडघे दुखतात' म्हणा. तुमचे गुडघे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांच्या कामी येतील.

सापाविंचवाची भीती घालत नाही. तिथे रॅटलस्नेक आहेत, पण फुरशांच्या मुलखातल्या माणसाला वेगळं काय शिकवायचं? गडग्याच्या भोकात हात घालू नये हे तुम्ही मुलाला लहानपणी शिकवलंत. तिथल्या खडकांच्या फटींविषयी तेच नातवाला सांगा. अमेरिकेत वाढलेल्या त्या मुलांना हे कुणी शिकवलेलं नसतं. मुलाला म्हणावं नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घे, गाडीची टाकी भर, आणि कुठे जातोय, किती वाजता परत येणार हे एखाद्या मित्राला लिहून पाठव. प्रवेशशुल्क गाडीमागे असतं. २०२६पासून काही पार्कांत परदेशी पाहुण्यांना वेगळे दर आहेत, तेव्हा निघण्याआधी पार्कचं संकेतस्थळ बघायला सांगा.

बूट आत्ताच घ्या. नवेकोरे बूट घालून विमानात बसायचं आणि महिन्याने डोंगरावर न्यायचे, असं केलंत तर टाचेला फोड ठरलेला. रोज संध्याकाळी बाजारात जाताना घाला. लोक हसतील, हसू देत.

आणि साडी. चालायच्या वाटांवर नको. वाळू, खडकांच्या पायऱ्या आणि निऱ्यांत अडकणारा चोया, तिन्ही तुमच्या विरोधात आहेत. सैलसर, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती पंजाबी ड्रेस घाला, ओढणी डोक्याला बांधा आणि वर रुंद काठाची टोपी. उन्हात अंग उघडं टाकण्यापेक्षा झाकलेलं बरं, हे तुम्हाला कुणी सांगायला नको, सूनबाईंना मात्र सांगा. साडीतला फोटो हवाच असेल तर कीज व्ह्यूला काढा. गाडीतून उतरलं की पाच मिनिटांवर कठडा आहे आणि वाट सिमेंटची आहे. वर वारा फार असतो, पिना जास्तीच्या लावा.